नाशकातले अपुऱ्या ताकदीचे सुपरहिरो : विनोदी एकांकिका लिहिण्यापासून प्रयोगापर्यंत

स्पर्धांचे दिवस जवळ आले की कॉलेजची मुलं संहिता वाचून दाखवायला घरी येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक विषय हटकून असतो : सुपरहिरो व्हायला निघालेली, पण काहीच धड न जमणारी चार-पाच माणसं. विषय मला मनापासून आवडतो. पण बहुतेक संहिता एकाच ठिकाणी अडकतात. लेखक आपल्या हिरोंना मूर्ख करून टाकतो. कोणी घसरतं, कोणाची पँट फाटते, पहिल्या पाच मिनिटांत हशा येतो आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. मूर्ख माणसाकडे चाळीस मिनिटं बघवत नाही. मनापासून मदतीला धावलेल्या आणि ताकद अपुरी पडलेल्या माणसाकडे मात्र दोन तासही बघवतं. सगळा लेख या एका फरकावर उभा आहे.

उदाहरण म्हणून एकच एकांकिका आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधत जाऊ. वेळ चाळीस मिनिटं, पात्रं सहा-सात, नेपथ्य कमीत कमी आणि गाव आपलं नाशिक.

आधी ताकद ठरवा, नाव आणि पोशाख नंतर

मुलं उलटं करतात. आधी झकास नाव शोधतात, मग पोशाख, आणि ताकद शेवटी चिकटवतात. ताकद आधी हवी, आणि ती खरी हवी. ‘मला वाटतं मी उडू शकतो’ ही ताकद नव्हे, तो भ्रम झाला. भ्रमावरचा विनोद एका प्रवेशात संपतो. पात्राला काहीतरी खरोखर जमलं पाहिजे, पण ते अगदी लहान असावं आणि त्याला एक जाचक अट असावी.

ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. भस्मासुराची गोष्ट आठवा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, इतका जबरदस्त वर मिळाला आणि शेवटी हात स्वतःच्याच डोक्यावर गेला. ताकद तिच्या मालकावरच उलटते, हा सांगाडा आपल्याकडे पुराणापासून आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केल्यावर लगेच हीच गोष्ट पडद्यावर घेतली. आपल्या एकांकिकेत फक्त भस्मासुराचा गर्व काढायचा आणि त्या जागी मदतीची कळकळ ठेवायची.

ताकद शोधायला गावात फिरा. कुठल्या कामात कोणाचा हात बसलाय ते बघा. आपले चौघे असे :

नाना, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. अवकाळी पाऊस यायच्या आधी त्यांचा डावा गुडघा ठणकतो. अंदाज एकदाही चुकलेला नाही. अट एवढीच की तो बरोबर दहा मिनिटं आधी ठणकतो, आणि दहा मिनिटांत चार एकर बाग झाकून होत नाही.

मंदाकाकू, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. त्यांनी ‘टिंग’ म्हटलं की समोरची चालती वस्तू थांबते. पण एक तिकीट फाडून पंच करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. सुमारे चार सेकंद.

बबन, लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची गोणी उचलणारा. त्याने डोळे वटारले की पाच हातांच्या आतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना धारा लागतात. पहिली धार त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना.

आणि शिट्टी. सिडकोतला अकरावीचा मुलगा. एक किलोमीटरवरच्या कुकरची शिट्टी त्याला ऐकू येते, आणि डाळ शिजली की नाही हेही तो सांगतो. बाकीच्या आवाजांना त्याचे कान तुमच्या-माझ्यासारखेच.

प्रत्येक ताकद एका वाक्यात लिहून बघा : ‘याला हे जमतं, पण इतकंच.’ वाक्यात ‘पण’ नसेल तर तो नेहमीचा सुपरहिरो झाला. ‘जमतं’ नसेल तर ती टिंगल झाली. दोन्ही शब्द असतील तेव्हाच पुढे जा. चारही वाक्यं भिंतीवर चिकटवून ठेवा, कारण शेवटच्या प्रवेशात हीच चार वाक्यं कामाला येणार आहेत.

मग प्रत्येकाच्या मनातली बोच शोधा. नानांची बोच उघड आहे : एका गारपिटीत बाग गेली, आणि गुडघ्याने आधी सांगितलेलं असूनही गेली. मंदाकाकूंना वाटतं, नोकरी संपली आणि आपल्या ‘टिंग’ला कोणी विचारत नाही. बबनला रडका म्हणून चिडवतात. शिट्टीला घरात कोणी ऐकून घेत नाही. ही बोच संहितेत एकदाच, एका ओळीत बोलून दाखवायची. दोनदा बोललात तर विनोद ओला होतो.

संकट गावातलंच घ्या

जगाचा नाश करायला निघालेला खलनायक हौशी रंगभूमीला पेलत नाही, आणि त्याची गरजही नाही. संकट असं हवं की पहिल्या रांगेतल्या आजोबांना ते स्वतःचं वाटावं.

नाशिककरांना पूर समजावून सांगावा लागत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, माणसं जमतात आणि सगळ्यांच्या नजरा तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. क्यूसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण गावाचं माप हेच. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. पाणी चढायला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानदारांची माल वर हलवायची धावपळ सुरू होते.

आपला खलनायक त्या धावपळीतच सापडतो. ‘माल सुरक्षित गोदामात पोचवतो’ असं सांगत एक गोड बोलणारा माणूस टेंपो घेऊन येतो, अर्ध्या भांडी बाजाराचा माल भरतो आणि पसार व्हायला निघतो. त्याला कुठलीही ताकद देऊ नका. तो फक्त हुशार आणि शांत असावा. गोंधळ घालायचा तो आपल्या चौघांनी.

एक पथ्य मात्र पाळा. पुरात माणसं बुडण्यावर, कोणाचं घर वाहून जाण्यावर विनोद नको. प्रेक्षकांत ते भोगलेलं कोणीतरी बसलेलं असतं. आणि गोदाघाटावर दोर टाकून लोकांना वाचवणारे जीवरक्षक खरे आहेत; ते नाटकात आले तर आपलं काम चोख करणारे म्हणूनच यावेत. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपल्या चौघांची धडपड जास्त खुलते.

चाळीस मिनिटांचा हिशेब

संहिता पस्तीस मिनिटांचीच लिहा. उरलेली पाच मिनिटं हशाची. विनोदी एकांकिका तालमीत अडतीस मिनिटांची झाली तर प्रयोगात ती वेळेबाहेर जाते, आणि स्पर्धेत त्याचे गुण कापले जाऊ शकतात. माझ्या अनुभवात संगणकावर टाइप केलेलं एक पान साधारण सव्वा मिनिट चालतं. म्हणजे अठ्ठावीस पानांवर थांबायचं.

पहिली आठ मिनिटं चौघं भेटतात. गुप्त अड्ड्यासाठी अंधारी गुहा नको. गंगापूर रोडवरचं मिसळीचं दुकान घ्या, पहाटेची वेळ, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. पुढची बारा मिनिटं प्रत्येकाची ताकद एकेकदा हरते. काकू टेंपो थांबवतात, पण पळत दारापर्यंत पोचायला सहा सेकंद लागतात. बबन खलनायकाला रडवतो, पण स्वतःलाच काही दिसत नाही म्हणून भलत्याच माणसाला पकडतो. ही बारा मिनिटं हशाची खाण आहे, तिथं घाई करू नका. मग पाच मिनिटं शांतता. चौघं वेगळे होतात, गट मोडतो. ही शांतता गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका; शेवटच्या टाळ्या इथेच कमावल्या जातात.

उरलेल्या दहा मिनिटांत त्याच चार ताकदी, त्याच अटींसह, एकत्र येतात. नवी ताकद कोणालाही मिळायची नाही, जुनी वाढायचीही नाही. द्वारका चौकात वाहनं खोळंबलीत आणि सारखेच दिसणारे दहा टेंपो उभे आहेत. नानांचा गुडघा ठणकतो, म्हणजे दहा मिनिटांत पाऊस आणि तोवर ही कोंडी सुटत नाही. शिट्टी डोळे मिटून उभा राहतो. कुकर गॅसवर नाहीत, पण टेंपो गचका खातो तेव्हा आतल्या नव्या कुकरांच्या शिट्ट्या खुळखुळतात. सातवा टेंपो! बबन डोळे वटारण्याआधीच त्या टेंपोच्या दाराला हात लावून उभा राहतो, म्हणजे त्याला दिसण्याची गरजच नाही. टेंपो हलतो, काकू ‘टिंग’ म्हणतात, आणि यावेळी चार सेकंद पुरतात. नुसतं रांगेत लावलं की अपुऱ्या चौघांचं काम पुरं होतं.

संवाद

विनोदी संवादाची एक खूण मी मुलांना सांगतो : पात्राला आपण विनोद करतोय हे कळता कामा नये. खालचा तुकडा तालमीत वापरून बघा.

(गंगेवर. आकाश स्वच्छ. चौघं छत्र्या उघडून उभे. जाणारी-येणारी माणसं वळून बघताहेत.)

नाना : ठणकला. दहा मिनिटांत येतोय.
शिट्टी : नाना, मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात.
नाना : मग? आला की नाही?
शिट्टी : आला. पण बाग वाचली का?
नाना : (थांबून) दहा मिनिटांत चार एकर नाही रे झाकून होत.
मंदाकाकू : नाना, इथं चार एकर नाहीयेत. इथं चार माणसं आहेत. काय झाकायचं ते सांगा.
(नाना खिशातून सुतळीचा गुंडा काढतात.)

यात एकही शाब्दिक कोटी नाही. उघड्या छत्र्यांवर हसू येतं आणि चौथ्या ओळीवर सभागृह गप्प होतं. ‘थांबून’ या सूचनेला नटाने मनात तीन आकडे मोजायचे. दोन मोजले तर दुःख पोचत नाही, पाच मोजले तर ते अंगावर येतं. सुतळीचा गुंडा का, हे कोणी विचारायचं नाही, नानांनी सांगायचं नाही. शेतकऱ्याच्या खिशात सुतळी असतेच.

बोली जपा. मंदाकाकू ‘गोदावरी नदी’ म्हणणार नाहीत, ‘गंगेवर’ म्हणतील. निफाडच्या नानांची भाषा आणि सिडकोतल्या शिट्टीची भाषा एका पट्टीने कापू नका.

पोशाख

सुपरमॅन १९३८ मध्ये कॉमिकमध्ये आला. घट्ट कपड्यांवर चड्डी ही त्याची तऱ्हा त्या काळच्या सर्कशीतल्या शक्तीचे खेळ करणाऱ्या पहिलवानांवरून घेतलेली. म्हणजे त्या चित्रकारांनीसुद्धा आपल्या आसपास जे दिसत होतं तेच वापरलं. आपणही तेच करू. छातीवर त्याचं चिन्ह मात्र लावू नका. ते कंपनीच्या मालकीचं आहे, आणि आपल्या पात्रांना त्याची गरज नाही.

नानांना हिरव्या शेडनेटची, म्हणजे शेतात सावलीसाठी लावतात त्या जाळीची, पाठीवर सोडायची झूल द्या. ती हलकी असते, हवेत छान तरंगते आणि मागून प्रकाश टाकला की आरपार दिसते. काकूंचा खाकी कोट, त्यावर चामड्याची पैशांची पिशवी. बबनच्या चेहऱ्यावर कांद्याच्या लाल जाळीदार गोणीचा मुखवटा. शिट्टीच्या कपाळावर कुकरचं रबर. घरी बसून केलेला पोशाख घरी केलेलाच दिसावा, पण शिवण पक्की असावी. उसवलेला पोशाख गबाळा दिसतो, आणि ही माणसं गबाळी नाहीत. त्यांनी रात्र जागून ते शिवलंय.

झुलीबद्दल नीट वाचा, कारण इथे इजा होऊ शकते. काही वर्षांपूर्वी रंगीत तालमीत आमच्या एका नटाची झूल विंगेतल्या, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातल्या, खिळ्यात अडकली. गळ्याशी नाडीची गाठ होती. तो धावत होता, झूल मागे राहिली आणि गळा आवळला गेला. शेजारी उभ्या मुलीने कात्रीने नाडी कापली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही नाटकात गळ्याशी गाठ नसते. दोन्ही खांद्यांवर दोन बोटं रुंद वेल्क्रो लावायचं, झटका बसला की झूल सुटून आली पाहिजे. रोज तालमीआधी एकाने मागून ओढून खात्री करायची. लांबी पोटरीच्या वरच ठेवा, नाहीतर पायऱ्यांवर पाय पडतो. कापड चौकोनी कापण्याऐवजी अर्धगोल कापा. वळताना घेर उघडतो. नेट खूपच उडत असेल तर खालच्या काठात पडद्याला लावतात तसलं बारीक वजन शिवा.

पडणं, आपटणं, उडणं

प्रेक्षकाला लागल्यासारखं वाटलं पाहिजे आणि नटाला अजिबात लागता कामा नये. यातलं सगळं आवाजात असतं.

दारावर डोकं आपटण्याचं घ्या. नट वेगात येतो, चेहरा दारापासून चार बोटांवर थांबतो, आणि त्याच क्षणी प्रेक्षकांना न दिसणारा पाय दाराच्या खालच्या भागावर लाथ मारतो. ‘धाड’ असा आवाज येतो, डोकं मागे जातं, हात कपाळावर. आवाज आणि डोक्याचा झटका एका ठोक्यावर आले नाहीत तर सगळं फसतं. म्हणून आधी आठवडाभर सावकाश, आकडे मोजत करा. चापटीचा आवाजही असाच, मार खाणाऱ्याने स्वतःच्या छातीशी हळूच टाळी वाजवायची.

पडताना गुडघ्यावर, कोपरावर किंवा मनगटावर कधीही पडायचं नाही. आधी खाली बसत यायचं, मग मांडीच्या बाजूने टेकायचं, मग कूस, आणि शेवटी तळहात जमिनीवर सपाट आपटून आवाज काढायचा. पहिले पंधरा दिवस गादीवर. नानांचं काम करणाऱ्या नटाला दोन्ही गुडघ्यांना नीकॅप द्या. लंगडं चालण्याचा अभिनय महिनाभर केला की चांगला गुडघाही दुखतो.

उडण्यासाठी दोरीने टांगण्याच्या फंदात पडू नका. त्याला प्रशिक्षित माणूस आणि तपासलेलं साहित्य लागतं, हौशी संघाकडे ते नसतं. काळा पडदा, काळ्या कपड्यांतले दोघं, आणि आडव्या स्टुलावर पोटावर झोपलेला नट. तिसऱ्याने खालून पुठ्ठ्याने वारा घालायचा म्हणजे झूल हलते. प्रकाश फक्त बाजूने. काळे दोघं दिसले तरी चालतं. मित्राला उडाल्यासारखं वाटावं म्हणून खाली कोणीतरी राबतंय, हे या गोष्टीला शोभूनच दिसतं.

साधनं कमी आहेत म्हणून हात आखडणाऱ्यांना मी नेहमी आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावचं सांगतो. यंत्रमागाच्या त्या गावात हौशी मंडळींनी सुपरमॅनवर आपला स्वतःचा विनोदी चित्रपट काढला, नायकही मागावर काम करणारा. त्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये केलेला माहितीपट मिळाला तर संपूर्ण गटाने एकत्र बघावा.

प्रकाशयोजना साधी ठेवा. विनोदाला उजेड लागतो. चेहरा दिसला नाही तर हसू येत नाही. पुरासाठी निळा प्रकाश आणि पाण्याचा आवाज पुरेसा आहे. ‘टिंग’ मात्र ध्वनिमुद्रित नको. खरी घंटा विंगेत कोणीतरी हाताने वाजवावी, कारण काकूंची वेळ रोज थोडी बदलणार.

नाट्यगृह आणि कागदपत्रं

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा; प्रयोगाच्या आठवड्यात धावपळ नको. घाटावर किंवा चौकात पथनाट्य म्हणून करायचं असेल तर महापालिका आणि पोलिसांची परवानगी आधी घ्या, आणि पावसाळ्यात पाण्याजवळ तालीम किंवा चित्रीकरण करू नका.

जागा निवडता येत असेल तर पहिला प्रयोग सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात करावा असं माझं मत आहे. प्रेक्षक जवळ बसतात, नानांचा ‘थांबून’ शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. शालिमारचं कालिदास कलामंदिर मोठं आहे. तिथं करताना हालचाली मोठ्या कराव्या लागतात, मुखवट्याआडचे डोळे मागच्यांना दिसत नाहीत. बबनचं सगळं काम डोळ्यांचं आहे, त्यामुळे तिथं त्याच्या जाळीची भोकं मोठी कापा.

तालीम

सहा आठवडे धरा. पहिला आठवडा फक्त वाचन, आणि वाचनात कोणीही हसवायचा प्रयत्न करायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हालचाली आणि पडण्याचा सराव. चौथ्यापासून पोशाख अंगावर. मुखवटा आणि झूल शेवटच्या दिवशी दिली तर नट तिच्याशीच झगडत बसतो.

पाचव्या आठवड्यात एक अडचण हमखास येते : गटातल्या कोणालाच हसू येईनासं होतं. मग मुलं नवे विनोद घुसवायला लागतात. थांबवा त्यांना. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही अशा आठ-दहा जणांना तालमीला बोलवा. कोणाची आजी, कोपऱ्यावरचा चहावाला, कोणीही चालेल. मागे बसून संहितेवर पेन्सिलीने खुणा करा : हशा कुठे आला, कुठे अपेक्षित होता आणि आला नाही, आणि लोक नक्की कुठे गप्प झाले. ज्या ओळीवर फक्त गटातलेच हसले ती ओळ काढून टाका, ती कितीही आवडती असली तरी. हशा न आलेल्या ओळीला दुसरी संधी द्या, पण शब्द न बदलता. आधी तिच्या अलीकडचा श्वास बदलून बघा.

पहिल्या प्रयोगाचा नुसता आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून तो ऐका, संहिता समोर उघडी ठेवून. दुसऱ्या प्रयोगाआधी जास्तीत जास्त तीन जागा दुरुस्त करा, वेल्क्रो घासून धागे काढा, घंटेची दोरी तपासा.